जुने नेटबुक, मोफत लिनक्स आणि दुकानाचा हिशेब

आपल्या बाजारातील किती तरी गाळ्यांत, गादीमागच्या कपाटात, जुन्या बिलबुकांच्या गठ्ठ्याखाली एक छोटा संगणक पडलेला सापडेल. दहा इंचांचा पडदा, बारीक बटणे, वजन सव्वा किलोच्या आसपास. साधारण २००८ ते २०१२ या काळात ही यंत्रे 'नेटबुक' या नावाने विकली गेली. मुलांच्या शिक्षणासाठी घेतली, मुले पुढे गेली, यंत्र मागे राहिले. विंडोज सुरू होता होता चहा गार होतो म्हणून त्याला कोणी हात लावत नाही, आणि भंगारात मोल येत नाही म्हणून कोणी विकतही नाही. या यंत्रावर लिनक्सची हलकी आवृत्ती बसवली तर दुकानाची बिले, उधारीची खतावणी आणि मालाची आवक-जावक एवढे काम ते आजही करू शकते. कोणते काम त्याच्याकडून होणार नाही, तेही याच लेखात सांगणार आहे. व्यापाऱ्याने मालाचा दोष झाकून माल विकू नये, हा नियम लेखालाही लागू आहे.

नेटबुक मुळात बाजारात आले तेच लिनक्स घेऊन, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. २००७ साली आसुस कंपनीने 'ई पीसी' नावाचे सात इंची यंत्र काढले. त्यात झांड्रॉस नावाचे लिनक्स होते आणि साठवणुकीची जागा होती अवघी ४ जीबी. २००८ साली एसरने 'अस्पायर वन' काढले, त्याच्या स्वस्त नगात लिनपस नावाचे लिनक्स होते. त्या वेळी मायक्रोसॉफ्टची व्हिस्टा ही प्रणाली इतकी जड होती की या लहान यंत्रांवर ती चालणे अवघड होते. गिऱ्हाईक लिनक्सकडे जाते असे दिसताच कंपनीने बंद करायला घेतलेली एक्सपी या छोट्या संगणकांसाठी आणखी दोन वर्षे चालू ठेवली. पुढे त्यांवर 'सेव्हन स्टार्टर' नावाची कापलेली आवृत्ती आली, तिच्यात पडद्यामागचे चित्रसुद्धा बदलता येत नसे. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी संपली, विंडोज सेव्हनची १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज टेनची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. नेटबुकच्या वाट्याला आलेली कोणतीही विंडोज आता देखभालीत नाही. विंडोज अकरा तर या यंत्रांवर रीतसर बसतच नाही.

देखभाल संपणे म्हणजे काय, याचा धडा मे २०१७ मध्ये साऱ्या जगाने घेतला. 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने लाखो संगणकांतील फायलींना कुलूप घातले आणि किल्लीसाठी पैसे मागितले. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवण्याची दुरुस्ती कंपनीने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी दुरुस्ती घेतली नव्हती ते सापडले.

चोरीची प्रत आणि दुकानाची अमानत

आता एका नाजूक मुद्द्याकडे येतो. नेटबुकच्या पोटावर विंडोजचे जे चिकटपत्र असते, ती त्या यंत्रासोबत विकत घेतलेली खरी प्रत होय. पण यंत्र मंदावले की आपण ते दुरुस्तीवाल्याकडे देतो, तो दोन-चारशे रुपयांत 'नवीन विंडोज मारून' देतो, आणि ते विंडोज बहुतेक वेळा चोरीचे असते. कुलूप तोडण्यासाठी जो छोटा प्रोग्राम वापरतात, त्याच्या पोटातूनच अनेकदा विषाणू येतो. म्हणजे उधारीची वही जिथे ठेवायची, त्या तिजोरीची चावी आपण अनोळखी माणसाच्या हाती देतो.

कायदाही यावर स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ६३-ब हे कलम आले. चोरीची प्रत आहे हे माहीत असून जो ती संगणकावर वापरतो, त्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय सौम्य होऊ शकते, पण दुकानातला वापर धंद्याचाच असतो.

शरीअतच्या बाजूने पाहता, लेखन आणि शोध यांच्या हक्कांबाबत उलेमांमध्ये पूर्वी मतभेद होते. १९८८ साली कुवेत येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या अधिवेशनात मात्र असे ठरले की व्यापारी नाव, लेखन आणि शोध हे त्यांच्या मालकांचे हक्क आहेत, त्यांना मालमत्तेचे मोल आहे आणि त्यांवर अतिक्रमण करता येणार नाही. आपण मीटरमागे चार बोटे कापड कमी मोजणे हराम समजतो, मग ज्या यंत्रावर त्या कापडाचे बिल बनते त्यातील प्रणाली कोठून आली, हाही प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

लिनक्समध्ये हा प्रश्न उरत नाही. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहायला घेतला. रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत १९८३ पासून चालवलेल्या जीएनयू प्रकल्पाची साधने त्याला जोडली गेली. या साऱ्याच्या परवान्यातच लिहिले आहे की वापरा, बदला, प्रत काढा आणि दुसऱ्याला द्या. शेजारच्या गाळेवाल्याला पेनड्राइव्हवर प्रत काढून दिली तर ती चोरी ठरत नाही, कारण मालकानेच तशी परवानगी दिलेली आहे. केरळमधील सरकारी शाळा गेली अनेक वर्षे याच प्रणालीवर चालतात, तेव्हा हे केवळ इंजिनिअर मंडळींचे खेळणे आहे असे समजण्याचे कारण नाही.

आधी यंत्र ओळखा

नेटबुकमध्ये 'अॅटम' नावाचा प्रोसेसर असतो. एन २७० किंवा एन २८० असेल तर ते ३२ बिटचे यंत्र होय. एन ४५०, एन ४५५, एन ५५०, एन ५७० यांपैकी असेल तर ते ६४ बिटचे. हा फरक पूर्वी फारसा महत्त्वाचा नव्हता, आज तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ३२ बिटची यंत्रे मागे ठेवून जग पुढे चालले आहे. उबंटूच्या घरातील लुबंटूने २०१९ पासूनच त्यांची साथ सोडली. डेबियन ही लिनक्सची जुनी आणि भरवशाची पेढी, पण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तिच्या १३ क्रमांकाच्या आवृत्तीपासून ३२ बिटच्या यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय राहिली नाही. फायरफॉक्सनेही १४४ व्या आवृत्तीनंतर ३२ बिट लिनक्ससाठी काम थांबवण्याचे २०२५ मध्ये जाहीर केले.

म्हणून माझा सल्ला असा की यंत्र ६४ बिटचे असेल तर ६४ बिटची आवृत्तीच घ्यावी, थोडी मेमरी जास्त खाल्ली तरी चालेल. ३२ बिटचे असेल तर 'अँटीएक्स' ही आवृत्ती घ्यावी. तिची २०२३ साली निघालेली २३ क्रमांकाची आवृत्ती डेबियन १२ वर उभी आहे आणि दोन्ही प्रकारांत मिळते. डेबियन १२ ची दीर्घकालीन देखभाल जून २०२८ पर्यंत जाहीर झालेली आहे. एन २७० वाल्यांनी तोवरचा हिशेब धरूनच या कामाला हात घालावा. त्यानंतर ते यंत्र इंटरनेट काढून केवळ बिलाच्या कामाला ठेवता येईल.

दोन प्रकारच्या नेटबुकांपासून सावध राहावे. ज्यात अॅटम झेड मालिकेचा प्रोसेसर आणि 'जीएमए ५००' चित्रव्यवस्था आहे, आणि ज्यात एन २६०० किंवा एन २८०० आहे, त्यांच्या पडद्याशी लिनक्सचे कधी नीट जमले नाही. कोणी फुकट दिले तरच घ्यावे.

मेमरी बहुधा १ जीबी असते. मागचे झाकण उघडून २ जीबीची पट्टी घालता आली तर जरूर घालावी. या यंत्रांना त्याहून जास्त चालत नाही. काही नगांत मेमरी पाटीवरच डकवलेली असते, तिथे इलाज नाही. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी लहानशी एसएसडी बसवली तर जो फरक पडतो तो दुसऱ्या कोणत्याही खर्चाने पडत नाही. मागावर जुना धोटा काढून नवा घालावा तसे हे काम आहे, चार स्क्रूंचे. बॅटरी मेलेली असेल तर तिच्या मागे लागू नये, अॅडॉप्टरवर यंत्र चालते. ते इतकी थोडी वीज खाते की भारनियमनात दुकानाच्या लहान इन्व्हर्टरवरही आरामात निभावते.

बसवण्याचे काम

कोणत्याही चालू संगणकावर अँटीएक्सच्या संकेतस्थळावरून 'फुल' प्रकारची फाइल उतरवावी आणि 'रुफस' किंवा 'एचर' या मोफत साधनाने ती ४ किंवा ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहावी. नुसती कॉपी करून चालत नाही, साधनानेच लिहावी लागते. मग पेनड्राइव्ह नेटबुकला लावून यंत्र चालू करताना आसुसवर एस्केप, एसरवर एफ १२ आणि एचपीवर एफ ९ हे बटण दाबत राहावे. एसरमध्ये एफ १२ ची सोय आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते. यादी दिसली की पेनड्राइव्ह निवडावा.

इथे लिनक्सची एक खुबी कामी येते. डिस्कला हात न लावता ती पेनड्राइव्हवरूनच चालून दाखवते. गिऱ्हाईक ताका उलगडून पाहते, तसे आधी सारे तपासून घ्यावे. वायफाय लागते का, आवाज येतो का, पडदा नीट दिसतो का, प्रिंटर ओळखला जातो का. या चाचणीत यंत्राने नाव आणि पासवर्ड विचारला तर दोन्ही ठिकाणी 'डेमो' लिहावे. समाधान झाले तरच पडद्यावरच्या 'इन्स्टॉलर'ला हात लावावा.

त्याआधी जुन्या डिस्कवरील फोटो, मुलांचे दाखले, जुने हिशेब दुसरीकडे काढून घ्यावेत. पूर्ण डिस्क निवडल्यावर आधीचे सर्व पुसले जाते, ते परत येत नाही. पुढचे प्रश्न साधे आहेत. देश-वेळेत कोलकाता निवडावे, स्वतःचा पासवर्ड आणि व्यवस्थापकाचा पासवर्ड असे दोन वेगळे द्यावेत आणि दोन्ही वहीत लिहून ती वही गल्ल्यात नव्हे, घरी ठेवावी. फुल आवृत्तीला सुमारे ७ जीबी जागा लागते, म्हणून ४ जीबीच्या पहिल्या ई पीसीवर ती मावत नाही. तिथे 'पपी लिनक्स' पेनड्राइव्हवरूनच चालवावे.

बसवल्यावर तीन अडचणी हमखास येतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

पहिली घड्याळाची. इतकी वर्षे पडून राहिलेल्या यंत्रातील रुपयाएवढी बटण-बॅटरी संपलेली असते. त्यामुळे तारीख मागे जाते आणि बँकेचे किंवा जीएसटीचे पान उघडले की 'सुरक्षित नाही' असा इशारा येतो. लोक इंटरनेटला दोष देतात, दोष तारखेचा असतो. तारीख दुरुस्त करावी, बॅटरी बदलावी. दुसरी पडद्याच्या उंचीची. नेटबुकचा पडदा ६०० बिंदू उंच, आणि काही खिडक्या त्याहून उंच, त्यामुळे 'ओके'चे बटण खाली बुडते. अशा वेळी ऑल्ट दाबून धरावे आणि माउसने खिडकी वर ओढावी. तिसरी प्रिंटरची. एचपीचे बहुतेक प्रिंटर आणि जुने डॉट मॅट्रिक्स लिनक्स सहज ओळखते. काही स्वस्त लेझर प्रिंटर मात्र फक्त विंडोजपुरतेच बनवलेले असतात, ते डोके उठवतात. प्रिंटर घेण्याआधीच लिनक्सवर चालतो का, हे विचारावे.

रोजच्या कामात

अँटीएक्स नुसती सुरू असताना दीड-दोनशे एमबी मेमरीत भागवते, म्हणून बाकीची मेमरी आपल्या कामाला उरते. तिच्यात लिब्रेऑफिस आधीच असते. त्यातील कॅल्क ही तक्त्यांची वही कापड दुकानाला पुरेशी आहे. बिलाचा एक नमुना बनवावा. त्यात आपला व गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांक, एचएसएन, ताके, मीटर, दर आणि रक्कम यांचे रकाने असावेत. साध्या कापडावर राज्यातल्या राज्यात अडीच अधिक अडीच टक्के, परराज्यात एकत्र पाच टक्के. तयार कपडे विकणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २५०० रुपयांपर्यंत पाच टक्के आणि त्यावर अठरा टक्के कर झाला आहे, तेव्हा जुन्या तक्त्यातील एक हजाराची मर्यादा बदलावी. बिल क्रमांक सलग आणि सोळा अक्षरांच्या आत असावा. बिल पीडीएफ करून पाठवले की त्यात कोणी आकडा सहज बदलू शकत नाही.

उधारीचे पान स्वतंत्र ठेवावे. त्यात पार्टीचे नाव, बिल, तारीख, मुदत, जमा आणि बाकी लिहावी. आजच्या तारखेतून मुदतीची तारीख वजा करणारे एक सूत्र टाकले की कोणाचे किती दिवस चढले ते सकाळी गादीवर बसताच दिसते. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे, हे आपण वअजात ऐकतो आणि पुन्हा 'त्याने सांगितले, मी ऐकले' यावर पन्नास ताके देतो. वर्षाच्या शेवटी याच तक्त्यांतून शिलकी माल, रोख आणि वसूल होणारी उधारी यांची बेरीज करून, देणे वजा करून, जकातीचा चाळिसावा भाग निघतो. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते, म्हणून जे ३१ मार्चच्या ताळेबंदावरून जकात काढतात त्यांनी अडीचऐवजी सुमारे २.५८ टक्के धरावे, म्हणजे अकरा दिवसांची कसर राहणार नाही. मसला विचारायचा असेल तर आपापल्या मुफ्तींकडे विचारावा, मी केवळ गणित सांगितले.

लिपीबाबत. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, त्यामुळे कारागिराच्या नावे चिठ्ठी लिहायची तर बोट आपोआप उजवीकडून सुरू होते. लिनक्समध्ये उर्दूचा ध्वनिआधारित कळफलक आणि मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक दोन्ही तयार मिळतात, एका बटणाने बदलता येतात. नस्तालीक अक्षरासाठी 'नोटो नस्तालीक उर्दू' हा मोफत फाँट घालावा. लिब्रेऑफिसच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू केले की ओळ उजवीकडून चालते. एन २७० वर लांब नस्तालीक मजकूर थोडा अडखळतो, चिठ्ठीपुरता ठीक. पण इनपेज हा प्रोग्राम विंडोजचा आहे, त्याच्या जुन्या फायली इथे उघडत नाहीत. ज्यांचे जलशाचे इश्तिहार आणि निकाहचे रुक्के इनपेजवर बनतात, त्यांनी ते काम दुसरीकडेच ठेवावे.

टॅलीचेही तसेच. टॅली विंडोजवर चालते. ज्यांची उलाढाल मोठी आहे, मुनीम टॅलीवरच बसलेला आहे, त्यांनी एक चांगला संगणक आणि खरी विंडोज विकत घ्यावी, तो धंद्याचा रास्त खर्च होय. सीए साहेबांना महिन्याचा तक्ता एक्सेलच्या प्रकारात साठवून देता येतो, तेवढ्यावर त्यांचे भागते. जीएसटीचे संकेतस्थळ नेटबुकवर उघडते, पण महिन्याच्या वीस तारखेला, जेव्हा सारा देश तिथे गर्दी करतो, तेव्हा या यंत्रावर विसंबू नये. एका वेळी एकच पान उघडावे, व्हिडिओचा नाद करू नये. मुलांनी क्रिकेट पाहायला मागितले तर मोबाइल दाखवावा.

फायलींच्या प्रतींबाबत कायद्याची अट ध्यानात ठेवावी. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. पंधरा वर्षांच्या यंत्रावर सहा वर्षांची अमानत एकटी सोडू नये. दोन पेनड्राइव्ह ठेवावेत, दर जुम्म्याला दुकान बंद करण्यापूर्वी आलटून पालटून त्यांवर प्रत काढावी, एक दुकानात आणि एक घरी.

ज्यांना हे स्वतः जमणार नाही त्यांनी संगणकाचे शिक्षण घेणाऱ्या मोहल्ल्यातील एखाद्या मुलाला किंवा दुरुस्तीवाल्याला सांगावे. लिनक्सचे मोल द्यायचे नाही, पण त्याच्या दोन-तीन तासांची मजुरी मात्र आधी ठरवून द्यावी. काम झाल्यावर ज्यावरून प्रणाली बसवली तो पेनड्राइव्ह त्याच्याकडून मागून घ्यावा. पुढे कधी यंत्र अडले, तर डिस्कवरील फायली बाहेर काढण्यासाठी तोच लागतो.